कंदील कुणाचा? छोट्या गटातला दिवाळीआधीचा एक आठवडा

पुण्यातल्या एका वस्तीला लागून आमची बालवाडी आहे. छोट्या गटात साडेतीन ते साडेचार वर्षांची तेवीस मुलं, आम्ही दोन ताया आणि एक मावशी. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला झाला आणि १६ तारखेपासून दिवाळीची सुट्टी लागणार होती. मधल्या दिवसांत मुलांकडून कागदी कंदील करून घ्यायचे आणि सुट्टीला जाताना ज्याचा त्याला घरी द्यायचा, एवढाच बेत. दर वर्षी करतो. नियोजनाच्या वहीत मी कंदिलापुढे 'सोपे, एक तास' असं लिहिलंही होतं. पुढे जे झालं ते लिहून ठेवते आहे, कारण आमच्यासारख्या बऱ्याच बालवाड्यांच्या वह्यांत ही नोंद असणार.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कंदील तोच, जो तुम्ही-आम्ही सगळ्यांनी लहानपणी केलेला आहे. घोटीव कागदाचा आयत घ्यायचा, मधोमध घडी घालायची, घडीकडून बोटबोटभर अंतरावर काप द्यायचे, पण पलीकडच्या कडेपर्यंत जायचं नाही. मग उलगडायचा, गोल गुंडाळायचा, कड चिकटवायची, वरून पट्टीचा दांडा लावायचा. पोट फुगतं आणि कंदील होतो. रविवारी बोहरी आळीतून तांबडे, पिवळे, हिरवे ताव आणले होते. रात्री बसून आयत कापले, प्रत्येकावर पेन्सिलीने कापाच्या रेघाही मारून ठेवल्या.

दहा मिनिटांत वर्गाचा रंग पालटला. "ताई, माझं फाटलं." "ताई, कात्री चालत नाही." "ताई, मला करून द्या." एकाने काप देता देता कागद आरपार नेला आणि हातात दोन तुकडे घेऊन उभा राहिला. घडी कुणाचीच जुळेना. मी एकेकाच्या मागे जाऊन हात धरून कापायला लागले, माझ्या सहकारी ताई गुंडाळायला बसल्या, मावशी खळ लावत सुटल्या. चाळीस मिनिटांनी तेवीस कंदील दोरीवर टांगलेले होते. सुंदर दिसत होते. फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला, अंगठे आले, हात जोडलेले आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं आली आणि दोरीखाली जमली. मी सहज म्हटलं, "आपापला कंदील दाखवा बरं." नावं मागच्या बाजूला लिहिलेली, आणि वाचता कुणालाच येत नव्हतं. तीन जणांनी एकाच पिवळ्या कंदिलावर हक्क सांगितला. पाच-सहा मुलं नुसती वर बघत राहिली. स्वतःच्या कंदिलावर बरोबर बोट ठेवणारी चार निघाली, आणि त्या चौघांचेच कंदील वेडेवाकडे होते: एकाचा काप आरपार गेलेला, एकाला दांडा दोनदा चिकटवलेला. बाकीचे एकोणीस आमचे होते. मुलांनी आम्हाला कागद धरायला मदत केली होती, इतकंच.

आम्ही दोघी मधल्या सुट्टीत बसलो. माझं पहिलं म्हणणं असं की मुलं लहान आहेत, पुढच्या वर्षी मोठ्या गटातच कंदील घेऊ. सहकारी ताई म्हणाल्या, मुलं लहान नाहीत, काम मोठं आहे. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर आम्ही कंदिलाचे टप्पे उतरवले तर सात निघाले, आणि प्रत्येक टप्प्याला हाताची वेगळी करामत लागते. एका बैठकीत सात नव्या गोष्टी आपणही शिकत नाही.

कुठे अडलं

घडीपासून सुरुवात करते, कारण तिथेच सगळं बिघडलं होतं. "कडेला कड जुळव" हे वाक्य मी सोमवारी निदान तीस वेळा म्हटलं असेन. त्यात दडलेलं काम असं: एका हाताने वरची कड खालच्या कडेवर आणायची, ती सरकू न देता तिथेच दाबून ठेवायची, आणि दुसऱ्या हाताने घडीवरून दाब देत जायचं. म्हणजे दोन्ही हातांना एकाच वेळी दोन वेगळी कामं. चार वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात एकमेकांची नक्कल करतात. एक दाबायला गेला की दुसराही सुटतो. त्यात घोटीव कागद गुळगुळीत, लगेच निसटतो.

मग कात्री. इथे आमच्या दोन चुका होत्या आणि दोन्ही सामानाच्या. पहिली म्हणजे कागद. घोटीव कागद पातळ आणि लुळा. कात्रीची पाती जरा सैल असली की तो कापला न जाता पात्यांच्या मध्ये वाकून बसतो. मूल जोर लावतं, कागद चुरगळतो, मग ते हाताने ओढतं. मुलांचे कागद फाटले ते असे. नवशिक्या हाताला जाड आणि ताठ कागद सोपा, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आम्ही पातळ कागद 'मुलांना कापायला हलका' म्हणून देत होतो.

दुसरी चूक एका मुलीची म्हणून खपून गेली असती. ती कात्री हातात घेई, दोनदा चालवी आणि ठेवून देई. मी सोमवारी तिच्याबद्दल 'हट्टी, लक्ष नाही' असं मनात म्हटलं होतं, हे इथे कबूल करते. सहकारी ताईंच्या लक्षात आलं की ती डावखुरी आहे. कात्रीची पाती एकमेकांवर ज्या बाजूने बसवलेली असतात त्यानुसार ती उजव्या किंवा डाव्या हाताची ठरते. उजव्या हाताची बोटं कात्री मिटताना नकळत पाती एकमेकांवर दाबतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती एकमेकांपासून लांब नेतो. वर कापायची रेघ पात्याआड जाते, दिसतच नाही. म्हणजे त्या मुलीला आम्ही न कापणारी कात्री देऊन कापायला सांगत होतो. तिची आजी तिला न्यायला आली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "घरी आम्ही उजव्यानेच कर म्हणतो, सवय लागायला पाहिजे ना." आजींशी वाद घातला नाही. डाव्या हाताची कात्री मात्र दुसऱ्या दिवशी आणली. तीन दुकानं फिरावी लागली, आणि दोन दुकानदारांनी अशी वेगळी कात्री असते हेच मानलं नाही.

आणखी एक गोष्ट. तेवीसपैकी नऊ मुलांनी काप घडीकडून न देता उघड्या बाजूकडून दिले होते. उलगडल्यावर कंदिलाऐवजी दोन्ही कडांना झालर. आम्ही त्या नऊ मुलांचे कागद गुपचूप बाजूला ठेवून नवे दिले होते. ते 'वाया गेलेले' कागद मंगळवारी कोपऱ्यातच पडले होते. एका मुलाने त्यातला एक उचलला, हनुवटीला लावला आणि आजोबांसारखा खोकत वर्गभर फिरला. पाचच मिनिटांत चार दाढ्या झाल्या. मावशी हसत म्हणाल्या, "अहो ताई, या तर झिरमिळ्या झाल्या कंदिलाच्या!" खऱ्या आकाशकंदिलाला खाली झिरमिळ्या असतातच की. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या कंदिलाला झिरमिळ्याच नव्हत्या, आणि नऊ मुलांनी त्या करून ठेवल्या होत्या.

पुन्हा पहिल्यापासून

सोमवारचे कंदील उतरवून माळ्यावर टाकले. काम चार दिवसांवर पसरलं, आणि रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही.

मंगळवारी फक्त फाडणं. रद्दीतली वर्तमानपत्रं आणली. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर वाट्टेल तिकडे जातं. कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात म्हणून. हे आम्ही सांगितलं नाही. दोन ढीग केले, एक उभ्या फाडण्याचा आणि एक आडव्या. "हा कागद ऐकतो, हा ऐकत नाही," असं एका मुलीने ठरवून टाकलं, आणि मग प्रत्येक जण आपला कागद ऐकणारा आहे का ते तपासायला लागला. फाडताना दोन्ही हातांची चिमटी लागते, एक हात पुढे आणि एक मागे जातो. घडीला आणि कात्रीला लागणारी तयारी तीच, फक्त त्यात चुकायला काही नसतं. त्या दिवशी वर्गात प्रथमच कुणी "करून द्या" म्हटलं नाही.

बुधवारी कात्री, पण रेघ नाही. बोटभर रुंदीच्या ताठ पट्ट्या दिल्या, कात्री एकदा मिटली की तुकडा खाली. कात्री एकदा मिटणं आणि रेघेवरून चालवत नेणं यांत बरंच अंतर आहे. आमच्या गटातली बरीच मुलं अजून पहिल्या पायरीवरच होती आणि सोमवारी आम्ही त्यांना थेट दुसरीवर उभं केलं होतं. पट्ट्यांसाठी ताठ कागद कुठून आणायचा, तर जुन्या लग्नपत्रिका. त्या प्रत्येक घरात असतात, जाड असतात, लाल-सोनेरी असतात आणि टाकवत नाहीत. पालकांना निरोप दिला तर सकाळी दोन पिशव्या भरून आल्या. मात्र मावशींनी पहिल्याच पत्रिकेवर हात ठेवला: "गणपतीवर कात्री नको चालवायला." बरोबरच होतं. मग मुलांना पट्ट्या देण्याआधी आम्हीच बसून गणपतीचे, कुलदैवतांचे भाग वेगळे काढले आणि ते एका पाकिटात जपून ठेवले. ज्यांना ही युक्ती वापरायची असेल त्यांनी या कामाला अर्धा तास धरून ठेवावा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा पानं, बिया, शिंपले असं आजूबाजूला मिळणारं सामान वापरलं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. परीक्षेत लिहिलेलंही असतं. तरी सोमवारी मी बोहरी आळीतच गेले होते.

गुरुवारी घडी, आणि हा दिवस मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. दसऱ्याला मुलांनी सोनं दिलं होतं, त्याची आठवण ताजी होती. ती पानं तोवर वाळून कुरकुरीत झालेली. आमच्या इमारतीमागे कांचनाचं झाड आहे. (दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून जे येतं त्यातही पुष्कळदा कांचनच असतो, दोघं एकाच कुळातले, पानं सारखीच जोडपानासारखी, फक्त आपट्याची लहान आणि जाडसर.) मावशींनी मोजून तेवीस पानं आणली, एकही जास्त नाही. प्रत्येकाला एक पान दिलं आणि म्हटलं, हे मिटव. पान मधल्या शिरेवर आपोआप मिटतं आणि दोन्ही अर्धी एकमेकांवर तंतोतंत बसतात. उघड, मीट, उघड, मीट. कुणीही "कडेला कड जुळव" म्हटलं नाही. जुळणं म्हणजे काय, हे पानानेच दाखवलं.

मग तसाच हिरव्या कार्डशीटचा तुकडा दिला. त्यावर आम्ही आधी बोथट सुईने मधोमध रेघ ओढून ठेवली होती, म्हणजे कागद तिथेच वाकतो. नखाने इस्त्री करायची. मिटलेल्या कागदावर घडीच्या बाजूने अर्धं पान काढलेलं, ते कापायचं आणि उघडायचं. उघडल्यावर आख्खं पान! हा क्षण मला शब्दांत सांगता यायचा नाही. अर्धं कापलं आणि पूर्ण निघालं, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की काहींनी पाच-पाच पानं केली. एकाचं पान मधोमध तुटून दोन निघाली, कारण त्याने घडीची बाजूच कापून टाकली होती. त्यावरून वर्गात एक बोली रूढ झाली: घडीची बंद बाजू म्हणजे 'पोट', उघडी बाजू म्हणजे 'तोंड'. "पोटाकडून काप दिले की उघडून मोठं होतं, तोंडाकडून दिले की झिरमिळ्या होतात." सोमवारी जे मी तीस वेळा सांगून कळलं नव्हतं, ते आता मुलं एकमेकांना बजावत होती.

शुक्रवारची जोडणी

कंदिलाचं अंग आता घोटीव कागदाचं नव्हतं. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं, कोरी बाजू बाहेर. ज्यांची कात्री रेघेवर चालायला लागली होती त्या सात जणांनी पोटाकडून काप दिले. तोंडाच्या बाजूला दोन बोटं आत जाड लाल पट्टा रंगवलेला, तो आला की सिग्नल, कात्री थांबते. बाकीच्यांनी काप दिलेच नाहीत. त्यांनी मंगळवारचे फाडलेले तुकडे, बुधवारचे लग्नपत्रिकेचे चौकोन आणि गुरुवारची पानं अंगावर चिकटवली. झिरमिळ्या जवळजवळ सगळ्यांना. दाढीवाल्याने स्वतःच्या कंदिलाला दोन थर लावले.

चिकटवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण दर वर्षी इथे घोळ होतो. खळ आम्ही घरीच करतो: एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा, मग एकूण चारेक वाट्या पाणी होईल असं घालून मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचं. बाइंडिंगवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मुलांच्या खळीत ते चुकूनही नको, विषारी आहे. मोरचुदाशिवायची खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून रोज ताजी आणि थोडी. मुलांना 'थोडी' समजत नाही. 'मुंगीएवढी' समजतं.

तरी शुक्रवारी हवा दमट होती आणि खळ वाळेना. गुंडाळलेलं अंग हात सोडला की उलगडे. सोमवारी इथे आम्ही तिघी एकेक कंदील धरून बसलो होतो. या वेळी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले. जोड्या लावल्या: एकाने गुंडाळून धरायचं, दुसऱ्याने वर आणि खाली चिमटा लावायचा, मग अदलाबदल. एक मुलगा हात बरबटले की रडतो. त्याने आठवडाभर खळीला बोट लावलं नव्हतं. त्याने त्या दिवशी अकरा कंदिलांना चिमटे लावले. स्वतःच्या कंदिलावर त्याने काहीच चिकटवलं नाही, नुसतं गुंडाळलेलं कोरं अंग आणि दोन चिमटे. ते चिमटे काढू नका असं त्याने बजावलं, म्हणून ते तसेच घरी गेले.

डावखुऱ्या मुलीने सात झिरमिळ्यांचे जुडगे कापले आणि मैत्रिणींना वाटले.

सोमवारी, १३ तारखेला, पुन्हा दोरीखाली उभं करून विचारलं. बावीस बोटं सरळ आपापल्या कंदिलाकडे गेली. तेविसावा मुलगा त्या दिवशी आलेला नव्हता, पण त्याचा कंदील कोणता हे इतरांनी सांगितलं.

जे जमलं नाही

दोन मुलं आठवड्याच्या शेवटीही कात्री धरत नव्हती. त्यांच्या हातात अजून ते बळ नाही, कणीक मळणं आणि चिमटे हेच त्यांच्यासाठी कात्रीच्या आधीचं काम. त्यांचे कंदील फाडलेल्या कागदाचेच झाले आणि दिसायला, माझ्या मते, सगळ्यांत देखणे.

एका आईशी झालेलं बोलणं मात्र मी नीट निभावलं नाही. सोमवारचा फोटो त्यांनी ग्रुपवर पाहिला होता आणि बुधवारी, १५ तारखेला, मुलाच्या हातात कॅलेंडरचा वाकडा कंदील आला. "ताई, फोटोतला छान होता. तो कुठे गेला? शेजारच्या बालवाडीतल्या मुलांचे बघा, किती नीट केलेत." मी म्हणाले, तो आम्ही केला होता. त्या म्हणाल्या, "मग त्याला तसा करायला शिकवा ना." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, दारात लावायचा कंदील चार लोक बघतात. मी आठवडाभराची हकिगत सांगायला लागले, त्यांना रिक्षा पकडायची होती. चूक माझीच. सोमवारचा फोटो टाकला तसे मंगळवार ते शुक्रवारचे फोटो टाकले नव्हते. फाडलेल्या रद्दीत बसलेल्या मुलांचा फोटो काय टाकायचा, असं वाटलं होतं.

सगळ्यांच्या कंदिलासोबत एक चिठ्ठी मात्र गेली: आत पणती किंवा तापणारा दिवा ठेवू नका, लावायचीच तर छोटी एलईडी माळ लावा, आणि झिरमिळ्या सुटल्या तर मुलालाच परत लावू द्या, थोडी खळ डबीत दिली आहे.

वहीत आता कंदिलापुढे 'सोपे, एक तास' खोडून 'चार दिवस, वीस मिनिटे, कार्डशीटच्या घड्या आधी करून ठेवणे, चिमटे ३०' असं लिहिलं आहे. माळ्यावरचे तेवीस घोटीव कंदील तसेच आहेत. उलगडले की चांगले मोठे कागद निघतील. मोठ्या गटाला कात्री चांगली चालायला लागल्यावर त्यांच्या झिरमिळ्या करायला देणार आहोत.